पेलेल तेवढा धक्का

टिपणिसांच्या घरात एखादी वस्तू घ्यायची ठरली, की ती वस्तू सोडून बाकी सगळ्याची चर्चा होते. सिडनीतल्या गिरावीनच्या घरासाठी फ्रिज घेताना विषय नरेंद्रच्या बायकोच्या, चित्राच्या, माहेरापर्यंत गेला होता, आणि तिथून चार तासांवरच्या मोलाँगजवळची ही एकशे दहा एकर जमीन घेताना नरेंद्रच्या स्वभावाचं पोस्टमॉर्टेम झालं होतं. आता तर रायफल घ्यायची होती. म्हणजे काय काय निघणार होतं, देवालाच ठाऊक.

कोरोनाचं दुसरं वर्ष, जूनची सव्वीस तारीख, शनिवार. बाहेर बोचरी थंडी, ताटात पिठलं-भात, आणि टेबलाच्या मधोमध मुलाने, विक्रांतने, ऑफिसच्या प्रिंटरवर काढून आणलेले रायफलींच्या माहितीचे बारा कागद. दोन वाजायच्या सुमाराला सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

"झालं," विक्रांत म्हणाला. त्याने बातमी आधी मनात वाचली आणि मग मराठीत सांगितली, कारण सरकारी इंग्रजी कानावर पडलं की विनीता आत्याला धडधडायला लागायचं. "संध्याकाळी सहापासून अख्खं सिडनी बंद. आणि एकवीस तारखेपासून जो कोणी सिडनीत होता, तो आता कुठेही असो, त्याने चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही."

"म्हणजे आपल्यातलं कोण कोण?" आत्याने विचारलं.

"मी, मयूरा, तू. आपण कालच तर आलो तिकडून. आणि बाबा. मंगळवारी चेकअपला आले होते."

"म्हणजे मी एकटी सोवळ्यात," चित्रा म्हणाली.

नरेंद्रने हातातला घास ताटात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दुकान चारला बंद होतं. ऑरेंज गावात पोचायला चाळीस मिनिटं. आज घेतली नाही, तर चौदा दिवस मी गेटबाहेर जाऊ शकत नाही. तोवर काय राहतंय इथे?"

काय राहतंय हे सांगायची गरज नव्हती. बुधवारपासून रानडुकरांनी सहा कोकरं नेली होती. मेंढी व्याली, की वासावर येतात मेली, आणि कोकरू उभं राहायच्या आत संपवतात. मागच्या वर्षी अशीच तेवीस गेली. त्याच्या आधीच्या वर्षी दुष्काळ. सापळे लावून झाले, डुकरं सापळ्याला वळसा घालून गेली. डुकरं मारायला येणाऱ्या माणसाने ऑगस्टची तारीख दिली होती. आणि नरेंद्रने सत्तावीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलची नोकरी करून, ती सोडून ही जमीन घेतली, तेव्हा चित्राने एकच अट घातली होती: तीन वर्षं. तिसऱ्या वेतालाही हेच झालं तर विकायचं आणि गिरावीनला परत यायचं, पुन्हा तोंडातून 'फार्म' हा शब्द काढायचा नाही. हे तिसरं वेत होतं.

"लायसन्स आहे, परमिट आलंय, तिजोरी बसवलीय," नरेंद्र म्हणाला. "फक्त कुठली घ्यायची तेवढं ठरवा."

विक्रांतला तेवढंच हवं होतं. पंधरा दिवस तो झोपायच्या आधी हेच वाचत होता. बापाच्या छातीत पेसमेकर, वय चौसष्ट, आणि हा माणूस मेंढ्यांच्या कळपात उभा राहून डुकरं मारणार. विक्रांतच्या डोळ्यांसमोर सारखं एकच चित्र यायचं, डुक्कर जखमी होऊन वळलंय आणि बाबांना पळता येत नाहीये. ते चित्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याऐवजी तो आकडे सांगायचा.

"मोठ्या गोळीची थ्री-ओ-एट घ्या बाबा. ह्या मोठ्या नरांच्या खांद्यावर कातडीखाली हा एवढा जाड थर असतो. छोटी गोळी त्यातच अडकते. अर्धमेलं डुक्कर सरळ अंगावर येतं. एका गोळीत खाली पडलं पाहिजे."

"आणि थ्री-ओ-एटचा दणका कोण खाणार?" त्याच्या बायकोने, मयूराने, ताट उचलता उचलता विचारलं. ती फिजिओ होती, दिवसभर लोकांचे खांदेच सरळ करायची. "दणका बसणार हे शरीराला एकदा कळलं ना, की पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात आणि खांदा आखडतो. मग गोळी कितीही मोठी असू दे. लागणार कुठे? झाडाला. त्यापेक्षा टू-फॉर्टी-थ्री. गोळी छोटी, पण धक्का जवळजवळ निम्मा. पेलेल तीच चांगली."

"तू कधी डुक्कर बघितलंयस?"

"तू कधी खांदा बघितलायस?"

"अरे, भांडताय काय," विनीता आत्या म्हणाली. "आधी ह्याला नेम तरी येतो का ते बघा. लहानपणी ह्याने कैरीला मारलेला दगड शेजारच्यांच्या कौलांवर जायचा."

"ताई, तू गप्प बस गं," नरेंद्र म्हणाला, पण हसला.

आत्या एक्काहत्तर वर्षांची होती. मागच्या वर्षी फेब्रुवारीत भाऊ पेंडल हिलच्या दुकानात तांदळाच्या पोत्यांवर चक्कर येऊन पडला, त्याला मशीन बसवलं, म्हणून ही साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी बघायला आली. मार्चमध्ये सीमा बंद झाली. सोळा महिने झाले, आत्या कधी गिरावीनला, कधी इथे. साताऱ्यातल्या घराच्या किल्ल्या अजून तिच्या पर्समध्येच होत्या.

सव्वादोनला शेजारच्या ग्लेन्डाची यूट, म्हणजे मागे उघडी फळी असलेली गाडी, फाटकातून आत आली. ग्लेन्डा चौऱ्याहत्तर वर्षांची, चाळीस वर्षं डुकरं मारत आलेली. तिला मोबाइलवर बातमी कळवली होती, तरी ती आली. फक्त मास्क लावून वीस पावलांवर उभी राहिली आणि यूटच्या मागच्या फळीवर दोन रायफली ठेवून लांब झाली.

"दोन्ही चालवून बघ, नरेंद्र," ती ओरडली. "कागद वाचून बायको करतात, रायफल नाही."

विक्रांतने आत्याला ह्याचं भाषांतर करून सांगितलं नाही.

---

डॅमच्या, म्हणजे शेततळ्याच्या, मातीच्या बांधावर रंगाच्या डब्याचं पांढरं झाकण टांगलं होतं, ऐंशी पावलांवर. मागे नुसती माती, त्यामुळे गोळी कुठे जाण्याची भीती नव्हती. कानांवर मफ लावून सगळे नरेंद्रच्या मागे उभे राहिले. आत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसली होती.

चित्राला हे सगळं नवीन नव्हतं. घरात बंदुकीची तिजोरी असली तर तिची किल्ली लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती लागता कामा नये, असा नियम. नरेंद्र सगळं विसरतो, किल्ल्या तर हटकून विसरतो. मग चित्रानेही त्याच्याबरोबर कोर्स केला. लेखी परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले, नरेंद्रचे दोन चुकले. विक्रांत तेव्हापासून तिला 'शेरिफ' म्हणायचा. तिने कोर्समध्ये जेवढ्या गोळ्या झाडल्या तेवढ्याच. त्यानंतर बंदुकीला हात लावला नव्हता, लावायची इच्छाही नव्हती.

नरेंद्रने थ्री-ओ-एट उजव्या खांद्याला लावली. बार उडाला. झाकण जागच्या जागी. रायफलीवरची दुर्बीण कपाळावर आपटून भुवईवर रक्ताची बारीक रेघ आली.

"लागलं?" चित्रा पुढे झाली.

"काही नाही. थांब."

दुसरा बार. ह्या वेळी चित्राने बघितलं, चाप ओढायच्या आधीच त्याचं तोंड आवळलं गेलं होतं. माती झाकणापासून हातभर लांब उडाली.

"सांगितलं नव्हतं?" मयूरा नवऱ्याला म्हणाली.

मग टू-फॉर्टी-थ्री. आवाज कमी, धक्का कमी. तीन बार, तिन्ही चुकले. एक तर बांधाच्या पार खालच्या कडेला लागला. विक्रांतने वेळ बघायला खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. अडीच वाजून गेले होते.

नरेंद्रची मान खाली गेली होती. आणि चित्राला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली त्याची, पण वाटलं. ह्याला नाही जमणार. मग डुकरं कोकरं नेतील, मग वेत फुकट जाईल, मग वाद न घालता, अट न आठवून देता आपण घरी जाऊ. स्टेशनजवळची दुकानं, चार ओळखीची तोंडं, शेजारी मराठी बोलणारं माणूस. ह्या विचाराने तिला एवढं बरं वाटलं, की तिने नवऱ्याकडे बघायचंच टाळलं.

"हे, नरेंद्र," ग्लेन्डा लांबून ओरडली. "तू कुठला डोळा मिटतोस?"

नरेंद्रने मिटून बघितला. "उजवा."

"मग उजव्या खांद्याला लावून बघतोस कशातून? दुसऱ्या बाजूला घे ती."

विक्रांतने भरलेली थ्री-ओ-एट पुढे केली. नरेंद्रने ती डाव्या खांद्याला लावली. कुणी काही शिकवलं नाही. पाय आपोआप वळले, गाल दस्त्यावर टेकला, डावं कोपर वर गेलं. चित्राने अडतीस वर्षांत ह्या माणसाला इतकं निवांत उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

बार उडाला आणि झाकण टणकन वाजलं.

"बाबा!" विक्रांत किंचाळला.

दुसरा बार. पुन्हा टण्. तिसरा. झाकण एका बाजूने तुटून लोंबायला लागलं.

नरेंद्रने कानांवरचे मफ काढले आणि मागे वळून बघितलं. चेहरा नुसता फुलला होता. "अगं, काही करावंच लागलं नाही," तो चित्राला म्हणाला. "नुसतं बघितलं आणि लागलं!"

---

विनीता आत्या टाळ्या वाजवायला गेली आणि तिचे हात तसेच राहिले.

सातारा. साल बासष्ट. नरू पाच वर्षांचा, ती बारा. नरू सगळं डाव्या हाताने करायचा. जेवायचा डाव्याने, पाटीवर लिहायचा डाव्याने, प्रसादाला हात पुढे करायचा तो डावा. आईला ते खपायचं नाही. लोक काय म्हणतील, मुंजीत काय करेल, सासुरवाडीला पंगतीत काय तोंड दाखवेल. आईने ते काम विनीताला दिलं. रोज संध्याकाळी परकराची नाडी घ्यायची, नरूचा डावा हात खिडकीच्या गजाला बांधायचा आणि उजव्याने बाराखडी काढून घ्यायची. दीड वर्ष. नरू सुरुवातीला रडायचा. मग एक दिवस तोच हात पुढे करायला लागला, 'ताई, बांध,' म्हणून. तो दिवस आईने कौतुकाने सगळ्या आळीला सांगितला होता.

"डावखुरा आहे तो," आत्या म्हणाली.

"कोण?" चित्राने विचारलं.

"नरू. डावखुराच होता. आम्ही मोडला त्याला." आणि ती सगळ्यांदेखत रडायला लागली. "माझ्या हाताने बांधलाय मी तो हात. शेवटी शेवटी तोच पुढे करायचा, 'ताई, बांध,' म्हणून."

"अगं ताई, त्यात काय एवढं," नरेंद्र अजून हसतच होता. "त्या काळात सगळ्यांकडे हेच. मी तर विसरूनही गेलो होतो. बघ ना, आज कळलं! चौसष्टाव्या वर्षी!"

विक्रांतने वडिलांच्या पाठीवर थाप मारली. "दॅट्स इट. थ्री-ओ-एट. डाव्या हाताची मिळते का विचारतो. बाबा, चला, निघा, उशीर होईल."

मयूरा हसत होती. थाप पडली ती डाव्या खांद्यावर, आणि तिची नजर थापेबरोबर तिथे गेली. मग तिचं हसणं थांबलं.

"बाबा," ती म्हणाली. "रायफल खाली ठेवा."

"का गं?"

"ठेवा आधी. शर्टाचं बटण काढा." तिने स्वतःच दोन बटणं सोडली. गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली, कातडीखाली, काडेपेटीएवढा उंचवटा. त्याच्या बाजूला, चार बोटांवर, दस्त्याचा लाल डाग उठत होता. "मशीन डावीकडेच बसवलंय. बाबा, माणूस ज्या हाताने काम करतो त्याच्या विरुद्ध बाजूला ते बसवतात शक्यतो. त्यांनी विचारलं नव्हतं तुम्हाला, कुठल्या हाताचे आहात?"

"विचारलं होतं," चित्रा म्हणाली. "फॉर्म मी भरला. ह्यांना चक्कर येत होती. मी 'उजवा' लिहिलं. उजव्याने लिहितात, उजव्याने जेवतात, मी दुसरं काय लिहिणार?"

ग्लेन्डाने लांबून विचारलं, "सगळं ठीक ना?"

"तीन बार," विक्रांत म्हणाला. "थ्री-ओ-एटचे. मी दिली त्यांच्या हातात."

---

स्वयंपाकघरात मयूराने फोन स्पीकरवर टाकला. शनिवार, त्यात लॉकडाऊनची बातमी, अठरा मिनिटं नुसतं संगीत. तोवर ती नरेंद्रचं मनगट धरून घड्याळाकडे बघत होती. मशीन साठावर लावलेलं. नाडी साठाच्या खाली गेली तर मशीनची वायर हलली किंवा तुटली. बहात्तर. पुन्हा मोजलं. सत्तर.

शेवटी एक नर्स आली. चांगली होती बिचारी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या बाजूला रायफल पुन्हा लावायची नाही, कुठलीच नाही. सोमवारी आम्ही फोन करू आणि तपासणी ठरवू, वैद्यकीय कारणासाठी यायला परवानगी आहे. तोवर चक्कर, धाप, नाडी साठाच्या खाली, किंवा थांबत नसलेली उचकी, ह्यातलं काहीही झालं तर लगेच ट्रिपल झीरोला फोन करून ॲम्ब्युलन्स.

"उचकी?" विक्रांतने विचारलं.

"वायर सरकली तर कधी कधी उचक्या लागतात," मयूरा म्हणाली आणि फोन बंद केला.

नरेंद्रने पाण्याचा ग्लास उचलला, घटाघटा प्यायला आणि उचकी दिली.

चित्राच्या हातातलं फडकं गळून पडलं. आत्याने देवाचं नाव घेतलं. विक्रांतने फोन काढून दोन झीरो दाबलेसुद्धा.

"अरे, पाणी प्यायलो म्हणून," नरेंद्र म्हणाला, आणि दुसरी उचकी आली.

"बोलू नका," मयूराने पुन्हा मनगट धरलं. तिचे ओठ हलत होते. चौऱ्याहत्तर. शहाहत्तर. स्वयंपाकघरात चार माणसं श्वास रोखून एका माणसाच्या घशाकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेली. तिसरी उचकी आली नाही.

"गेली," नरेंद्र म्हणाला. "संपलं का नाटक? तीन वाजलेत."

"बाबा, विका," विक्रांत म्हणाला. मघाशी थ्री-ओ-एटसाठी भांडणारा तो हाच. "मला नको ही मेंढरं, नको ही जमीन. विका आणि घरी चला."

"विकायचं कशाला?" मयूरा म्हणाली. "उजव्या खांद्याने शिकतील. टू-फॉर्टी-थ्री घ्या. मी व्यायाम देते, रोज सराव केला तर महिन्या-दोन महिन्यांत..."

"उजव्याने?" आत्या उठून उभी राहिली. "नाही. पुन्हा नाही. एकदा त्याचा हात मोडून झाला, आता डोळा मोडायचा का? त्याचा डोळाच डावा आहे गं. तो जन्मभर चुकेलच, आणि चुकला की आपल्यालाच नावं ठेवत बसेल. मी बघितलंय ते. दीड वर्ष बघितलंय."

मयूराने नरेंद्रचं मनगट सोडलं.

"माझं ऐकून घ्याल का कुणी?" नरेंद्र म्हणाला. "मी डावीकडूनच मारणार, पण छोटी घेतो. टू-ट्वेन्टी-थ्री. तिला धक्का नसतोच म्हणा ना. मध्ये टॉवेल ठेवतो."

"ती मोठ्या डुकराला कमी पडते," विक्रांत म्हणाला.

"आणि वायरला तेवढी सुद्धा जास्त," मयूरा म्हणाली. "कुठलीच नाही म्हणाल्या त्या, ऐकलंत ना तुम्ही." दोघा नवरा-बायकोचं आज पहिल्यांदा एकमत झालं होतं.

"मग काय करू मी?" नरेंद्र ओरडला. तो कधी ओरडत नसे. "अकरा मेंढ्या आज-उद्यात व्यायच्यात. मी इथे बसून नाडी मोजून घेऊ आणि बाहेर डुकरं येऊन जेवून जाऊ देत? तीन वर्षं, चित्रा. हेच ना शेवटचं? बोल ना, तूच बोल. तुझीच अट आहे."

सगळे चित्राकडे बघायला लागले. तिला एक शब्द बोलायचा होता. 'विकूया.' विक्रांत तिच्या बाजूने होता, डॉक्टर तिच्या बाजूने होते, अटही तिचीच. नरेंद्र ते निमूटपणे मान्य करेल हे तिला माहीत होतं. परत गिरावीनला येईल, खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघेल, आणि कधीही तक्रार करणार नाही. हात बांधून घ्यायला पुढे करण्याची सवयच होती त्याला. आज तिला हे कळलं होतं, आणि कळलं नसतं तर फार बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"ग्लेन्डा आहे का अजून?" तिने विचारलं.

"बाहेर सिगरेट ओढतेय. का?"

"टू-फॉर्टी-थ्री तिच्याकडून घेऊन ये."

"आई, तू?" विक्रांत म्हणाला. "तू तर बावीसच्या बारक्या गोळीच्या पुढे काही चालवलेलं नाहीस!"

"लायसन्स आहे माझ्याकडे. पैकीच्या पैकी आहेत. चल, वेळ नाही."

तिने रायफल उजव्या खांद्याला लावली. आयुष्यात उंदीर मारायचा तर ती शेजाऱ्यांना हाक मारायची. दुर्बिणीत झाकणाचा तुटका तुकडा आला, हलला, गेला, परत आला. मयूरा मागून हळू आवाजात सांगत होती, "श्वास सोडा आई, खांदा सैल, सैल." चित्राने चाप ओढला.

खांद्यात जोरात बसला. डोळ्यांत पाणी आलं. झाकणाच्या बोटभर खाली माती उडाली.

"दुखलं?" मयूराने विचारलं.

"दुखलं. पण डोळे उघडे होते माझे." तिने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलला. ह्या वेळी जास्त वेळ घेतला. झाकण वाजलं.

"त्या मोठीचा एक देऊ का?" विक्रांतने विचारलं.

"नको. ती मला पेलायची नाही, आणि मी घाबरून चुकले तर डुकराला त्या मोठेपणाचं काय? हीच बरी." तिने रायफल मोकळी करून ग्लेन्डाच्या यूटवर ठेवली. "जवळ येऊ देईन आणि मारीन. एक नक्की जाईल. बाकीची निदान पळतील."

ग्लेन्डाने लांबूनच मान हलवली. "हिला घेऊन दे, नरेंद्र."

नरेंद्र फाटकाशी उभा होता. तो घरात निघून गेला.

---

आत त्याने दुकानाचा नंबर फिरवला. परमिट त्याच्या नावावर होतं, रायफलही त्याच्याच नावावर होणार होती, आणायलाही त्यालाच जावं लागणार होतं. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिने नजर खाली ठेवली.

फोन लागेपर्यंत नरेंद्रला वाटत होतं, अजून काही बिघडलेलं नाही. थ्री-ओ-एट म्हणू शकतो. तिजोरीत पडून राहील. सोमवारी तपासतील, सगळं नीट निघेल, मग एखाद्या दिवशी, कुणाला न सांगता, एकच बार. डॉक्टर काय, काहीही सांगतात. गालाला अजून त्या लाकडाचा थंडपणा जाणवत होता.

"गुड आफ्टरनून, मेट," दुकानदार म्हणाला. "काय ठरलं? कुठली काढून ठेवू?"

नरेंद्रने मान वळवली. खिडकीतून बाहेर चित्रा दिसत होती. ती ग्लेन्डाशी लांबून बोलत होती आणि बोलता बोलता उजवा खांदा चोळत होती.

"टू-फॉर्टी-थ्री," तो म्हणाला. "आणि दस्ता आखूड लागेल."

"आखूड? तुझ्या उंचीला?"

"मला नाही. माझी बायको चालवणार आहे. ती पाच फूट एक आहे."

"आणि तू?"

"मी नाही चालवणार," नरेंद्र म्हणाला. "मला चालत नाही." चारच्या आत येतो असं सांगून त्याने फोन ठेवला.

तो तसाच उभा राहिला. आत्याने विचारलं, "नरू, बरं वाटतंय ना? मयूराला बोलवू?"

त्याने नको म्हणून मान हलवली. मग तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला, गुडघ्यांना त्रास होतो तरी, आणि तिच्या मांडीवर कपाळ टेकवलं.

"ताई, मला फार आवडलं गं ते," तो म्हणाला. "तीनच बार. पण फार आवडलं."

आत्याने त्याच्या केसांतून हात फिरवला. "दिसलं मला," ती म्हणाली. "सगळ्यांना दिसलं."

बाहेर विक्रांतने गाडी सुरू केली होती आणि चित्रा नवऱ्याच्या नावाने हाका मारत होती. नरेंद्र उठला, डोळे पुसले, लायसन्स आणि परमिट खिशात आहेत ना ते दोनदा चाचपून बघितलं, आणि निघाला.